स्पंजाची रसायनं बनवतं कोण?

स्पंज हा प्राणी आहे हे पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पोटही नाही. लहानपणी एकदा खडकाला चिकटला की बहुतेक जातींचा मुक्काम जन्मभर तिथेच. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू आणि अन्नकण टिपायचे, उरलेलं पाणी बाहेर सोडायचं, हा त्याचा दिनक्रम. किलोभर स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी असं गाळतो.

खायला मासे आले तर पळता येत नाही. शेजारचं प्रवाळ अंगावर वाढत आलं तरी सरकता येत नाही. म्हणून स्पंजाचा बचाव बहुतांशी रसायनांवर चालतो, आणि तो किती नेमका असतो हे जपानजवळच्या ‘डिस्कोडर्मिया कॅलिक्स’ या स्पंजात दिसतं. कॅलिक्युलिन हे त्याचं जहाल विष. पण ते तयार स्वरूपात साठवलं तर घरातच घात व्हायचा. त्यामुळे रेणूला एक जादा फॉस्फेट गट जोडलेला असतो आणि तेवढ्याने विषाची धार बरीच बोथट होते. कुणी लचका तोडला, पेशी फाटल्या, की एक विकर तो गट काढून टाकतं आणि विष जागं होतं. मला स्पंजांच्या रसायनशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

माणसाचं लक्ष इकडे वळलं ते रसायनज्ञ वेर्नर बर्गमन यांच्यामुळे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजातून त्यांना डीएनएच्या घटकांसारखे दिसणारे रेणू मिळाले. 1950च्या सुमारास त्यांनी ते प्रसिद्ध केले. फरक फक्त साखरेचा होता: नेहमीच्या साखरेच्या जागी अरॅबिनोज. असा जवळपास बरोबर दिसणारा घटक पेशीने डीएनए बांधताना उचलला तर पुढचं बांधकाम अडतं. हीच कल्पना धरून प्रयोगशाळेत सायटॅराबिन तयार झालं. 1969 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि रक्ताच्या काही कर्करोगांवर ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

पण ही रसायनं खरंच स्पंज बनवतो का? काही जातींच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग जिवाणूंचा असतो. ‘थिओनेला स्विनहोई’ या स्पंजात ‘एन्टोथिओनेला’ नावाचे धाग्यासारखे जिवाणू राहतात. या स्पंजाच्या नावावर जमा असलेल्या कितीतरी रसायनांची जनुकं या भाडेकरूंकडे आहेत, हे 2014 साली जनुकसंच वाचून दाखवण्यात आलं. वर सांगितलेल्या कॅलिक्युलिनचा कारागीरही याच कुळातला.

म्हणून सगळं श्रेय जिवाणूंना द्यावं, तर तेही चूक ठरेल. 2023मध्ये टर्पीन वर्गातली संयुगं बनवणारी जनुकं खुद्द स्पंजाच्याच जनुकसंचात सापडली. म्हणजे प्रत्येक रेणूसाठी प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

हा शोध निव्वळ कुतूहलाचा नाही. जपानी संशोधकांनी 1980च्या दशकात 600 किलो ‘हॅलिकॉन्ड्रिया’ स्पंज गोळा केला, तेव्हा हाती आलं साडेबारा मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन-बी. कर्करोगाच्या पेशींवर ते विलक्षण प्रभावी होतं, पण या हिशेबाने औषध करायचं तर समुद्रातले स्पंज पुरणार नाहीत, आणि ते असे ओरबाडूही नयेत. हार्वर्डच्या योशितो किशी यांच्या गटाने 1992 साली तो अवघड रेणू प्रयोगशाळेत घडवला. त्याच्या अर्ध्या भागाच्या धर्तीवर एरिब्युलिन आलं, जे 2010पासून पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर वापरलं जातं. तेही बनवायला साठांवर रासायनिक पायऱ्या लागतात.

रेणूची जनुकं हाती लागली तर एक दुसरी वाट उघडते. एन्टोथिओनेलाला प्रयोगशाळेत वाढवणं अतिशय कठीण आहे. मात्र त्याची जनुकं सहज वाढणाऱ्या जिवाणूत बसवता आली, तर समुद्रातल्या स्पंजाला हातही न लावता रसायन मिळू शकेल.