खैराच्या काट्याची जागा

खैर आणि बाभूळ ही दोन झाडे शेजारीशेजारी उभी असली, तर पाहणारा त्यांना सख्खी भावंडे समजेल. दोन्ही काटेरी, दोन्हींची पाने बारीक पर्णिकांची, म्हणजे चिमुकल्या पानांची, आणि दोन्ही उन्हाने तापलेल्या कोरड्या जमिनीवर तग धरणारी. वनस्पतिशास्त्रानेही दीर्घकाळ त्यांना ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत ठेवले होते. प्रत्यक्षात मात्र खैर बाभळीपेक्षा शिकेकाईच्या वेलीला अधिक जवळचा आहे, आणि या नात्याची खूण पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही; फांदीवरचा काटा नेमका कोठून उगवला आहे, एवढे पाहिले तरी पुरते.

बाभळीच्या पानाच्या बुडाशी, देठाच्या दोन्ही अंगांना, सरळ आणि पांढुरके काटे असतात. ही मुळातली उपपर्णे, म्हणजे पानाच्या तळाशी येणारे दोन लहान अवयव, टणक व टोकदार झालेली असतात. खैराची उपपर्णे इवलीशी असून लवकर गळून पडतात. त्याचे काटे पेराच्या किंचित खाली, जोडीने, सालीतून बाहेर आलेले दिसतात. गुलाबाचे काटे ज्या जातीचे, त्याच जातीचे हे काटे आहेत. ते आखूड, बुडाशी रुंद व चपटे, गडद तपकिरी आणि चकचकीत असतात, आणि त्यांचे टोक मांजराच्या नखासारखे खाली वळलेले असते. शिकेकाई असल्याच आकड्यांनी आधाराच्या झाडाला धरून वर चढते. खैर स्वतःच्या खोडावर उभा राहतो, त्याला चढायचे कोठेच नसते. त्याच्या बाबतीत हा आकडा पाला ओरबाडणाऱ्या जनावराच्या तोंडाशी येतो. सरळ काटा टोचतो, पण आकडा अडकवतो, हा फरक खैराच्या झुडपात सदरा अडकलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

नावाची कथाही याच फरकाभोवती फिरते. 1782 मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या मुलाने खैराचे वर्णन ‘मिमोसा कॅटेचू’ या नावाने केले आणि 1806 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी त्याला अकेशिया प्रजातीत नेले. पुढे आनुवंशिक पुराव्यांवरून हे स्पष्ट झाले की अकेशिया म्हणून एकत्र बांधलेली मोळी प्रत्यक्षात अनेक वेगळ्या शाखांची आहे. ती सोडायची तर मूळ नाव कोणाकडे ठेवायचे, यावर बराच वाद झाला. 2005 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातील शाखेला देण्यात आले आणि 2011 मध्ये मेलबर्न येथे तो निर्णय कायम राहिला. परिणामी बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली आणि खैर ‘सेनेगॅलिया कॅटेचू’ झाला. ऑस्ट्रेलियातील जातींची संख्या फार मोठी असल्यामुळे हा निर्णय सोयीचा होता, हे मान्य केले तरी त्यातील विनोद नजरेआड होत नाही: प्राचीन ग्रीकांनी हे नाव इजिप्तच्या काटेरी बाभळीला दिले होते, आणि आज ते प्रामुख्याने बिनकाट्यांच्या झाडांकडे गेले आहे.

खैर हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष असून तो साधारणपणे 9 ते 12 मीटर वाढतो. त्याची साल गडद करड्या-तपकिरी रंगाची, खरबरीत असते आणि लांबट पट्ट्यांनी सुटून लोंबते. पट्टीखालचा भाग तांबूस दिसतो. पान दोनदा विभागलेले असते: मुख्य दांड्यावर दलांच्या, म्हणजे उपदांड्यांच्या, 10 ते 30 जोड्या आणि प्रत्येक दलावर पर्णिकांच्या 20 ते 50 जोड्या. दलांच्या 20 आणि पर्णिकांच्या 40 जोड्या धरल्या, तर एका वीतभर पानावर 3200 पर्णिका भरतात. प्रत्येक पर्णिका काही मिलिमीटर लांब आणि जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. एवढ्या अरुंद पृष्ठभागाभोवती स्थिर हवेचा थर जाड होत नाही, त्यामुळे उन्हाची उष्णता वाऱ्याबरोबर चटकन निघून जाते आणि पाणी फारसे खर्च न करताही पान करपत नाही. देठावर एक ठळक ग्रंथीही असते. पानाची ओळख पटवताना ती जरूर शोधावी.

उन्हाळ्याच्या तोंडावर झाड निष्पर्ण होते आणि पाऊस येण्याआधीच, एप्रिल-मेच्या सुमारास, नवी पालवी फुटते. तिच्याबरोबर पानांच्या बगलेतून फिकट पिवळी कणिशे येऊ लागतात. येथे बाभळीपासूनचा दुसरा फरक दिसतो, कारण बाभळीची फुले गोल, गर्द पिवळ्या गोंड्यात असतात, तर खैराची 5 ते 10 सेंटिमीटर लांब दांडीवर, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी मांडलेली असतात. पाकळ्या इतक्या लहान असतात की आपल्याला फूल म्हणून जे दिसते, ते मुख्यतः असंख्य पुंकेसरांचे झुपके असतात. शेंग पातळ, सपाट, तपकिरी व चकचकीत असून तीत 3 ते 10 बिया असतात. ती हिवाळ्यात पक्व होते.

हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांनी नव्याने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या पात्रात खैर शिसमाबरोबर सर्वांत आधी वस्ती करतो. सावली त्याला सोसत नाही, पण उघड्या, निकृष्ट जमिनीचे त्याला वावडे नसते. दख्खनच्या कोरड्या रानात लाल खैर भेटतो. पूर्वी तो खैराचाच एक प्रकार मानला जाई; आता अनेक अभ्यासक त्याला ‘सेनेगॅलिया चुंद्रा’ ही स्वतंत्र जाती मानतात. खऱ्या खैराची फुले व कणिशाची दांडी लवदार असते, लाल खैराची गुळगुळीत असते, आणि हा भेद भिंगाशिवाय करण्याच्या भानगडीत पडू नये.

खैराची कीर्ती झाली ती त्याच्या गाभ्यामुळे. खोडाच्या बाहेरच्या भागात पिवळट पांढरे रसकाष्ठ असते आणि आत तांबडे मध्यकाष्ठ असते. मध्यकाष्ठातील पेशी मेलेल्या असतात. मरण्यापूर्वी त्यांच्यात कॅटेचिन आणि टॅनिन वर्गातील तुरट द्रव्ये साठतात, आणि त्यामुळे हे लाकूड वाळवीला व बुरशीला सहजासहजी दाद देत नाही. ते जवळजवळ पाण्याइतके जड असते. नांगर, मुसळे आणि घाणे यांसाठी त्याला मागणी होती ती याच गुणांमुळे; खैराचा निखारा धगीची उपमा झाला तोही या घट्टपणामुळे.

गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळल्या की ही द्रव्ये उतरतात. कॅटेचिन गरम पाण्यात विरघळते, थंड पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून काढा आटवून थंड केला की ते स्फटिकरूपाने तळाशी बसते. तो विड्याचा कात. उरलेल्या द्रवात टॅनिन राहते, आणि ते रंगासाठी, तसेच मासेमारीची जाळी टिकाऊ करण्यासाठी वापरले जाई. काताला चुना लागला की अल्कधर्मी माध्यमात कॅटेचिनचे ऑक्सिडीकरण होऊन लाल रंग येतो. विडा रंगतो, त्यामागे ही साधी अभिक्रिया असते. क्वचित जुन्या खोडाच्या भेगांत हेच द्रव्य पांढुरक्या स्फटिकांच्या रूपात आपोआप जमलेले सापडते, त्याला खैरसाल म्हणतात. 1839 मध्ये कातापासून मिळवलेल्या एका संयुगाला पुढे ‘कॅटेचॉल’ हे नाव मिळाले. शरीरातील अॅड्रेनॅलिन आणि डोपामिन या संदेशवाहक द्रव्यांच्या रेणूत तीच रचना असल्यामुळे त्यांच्या गटाला ‘कॅटेकोलामाइन’ म्हणतात.

तोडलेल्या खैराचे खुंट पुन्हा फुटतात आणि धुमारे जोमाने वाढतात. पण कोवळ्या धुमाऱ्याच्या आत केवळ फिकट रसकाष्ठ असते. काढा करण्याजोगा तांबडा गाभा भरायला पुष्कळ वर्षे जावी लागतात.