अ‍ॅजिनकोर्टला बाणांनी चिलखतं फोडली नाहीत

इंग्रजांच्या लांब धनुष्याचा बाण सरदाराचं पोलादी चिलखत आरपार भेदायचा, म्हणून १४१५ची फ्रान्समधली अ‍ॅजिनकोर्टची लढाई त्यांनी फ्रेंचांविरुद्ध जिंकली, असं वारंवार सांगितलं जातं. श्रेय तिरंदाजांचंच आहे, कारण मात्र चुकीचं.

धनुष्य कमजोर नव्हतं. १५४५मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेतून यू झाडाच्या लाकडाची शंभरावर धनुष्यं निघाली. बहुतेकांची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ताणायला लागणारा जोर, ४५ ते ८० किलोच्या दरम्यान असावी. तरीही छातीवरचा दोनेक मिलिमीटरचा फुगीर पत्रा बाणाने सहसा फुटत नाही. टोक वाकतं किंवा घसरतं, काठी फुटते. काख, चेहऱ्यावरच्या फटी, नुसतं कड्यांचं चिलखत असलेले भाग, इथे मात्र धोका खरा. आणि घोडे! त्यांना पुरेसं कवच नसायचं. जखमी घोडे उधळून मागून पायी येणाऱ्या आपल्याच रांगांत घुसले.

बाकीचं काम चिखलाने केलं. नांगरलेलं, पावसाने भिजलेलं शेत, दोन्ही बाजूंना झाडी. बाणांमुळे मान खाली घालून चालणारे फ्रेंच मध्ये इतके दाटले की हत्यार उगारायला जागा उरेना. २४ बाणांची जुडी मिनिटाला सहा सोडले तरी चार मिनिटांत संपते. मग तिरंदाजच तलवारी, कुऱ्हाडी आणि घोडदळ अडवणारे खुंट जमिनीत ठोकायचे हातोडे घेऊन तुटून पडले.

समोर टोकदार खुंट रोवायला वेळ मिळाला नाही तर काय होतं, ते १४२९मध्ये फ्रान्समधल्या पाते (Patay) इथल्या लढाईत दिसलं: तयारी होण्याआधीच फ्रेंच घोडदळाने तिरंदाजांना गाठलं आणि कापून काढलं.