एस्टन हेमिंग्ज यांचे वडील कोण? वाय गुणसूत्राची साक्ष आणि तिची मर्यादा

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना त्यांच्याच मळ्यावर गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्यापासून मुले झाली, हे ‘डीएनए चाचणीने सिद्ध झाले’ असे वाक्य आजही वारंवार वाचायला मिळते. निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. परंतु एकट्या चाचणीने तो सिद्ध झालेला नाही, आणि तिने नेमके काय दाखवले हे बारकाईने पाहिले तर ती कितीतरी अधिक विलक्षण वाटते.

सॅली यांचे सर्वांत धाकटे पुत्र एस्टन १८०८ मध्ये व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या जेफरसन यांच्या मळ्यावर जन्मले. जेफरसन यांच्या मृत्युपत्रामुळे त्यांना स्वातंत्र्य मिळाले. पुढे ते ओहायोत गेले आणि १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला स्थलांतर करून, जेफरसन हे आडनाव लावून गोऱ्या समाजात राहू लागले. अशा माणसाचे मूळ कागदपत्रांतून शोधणे फार अवघड असते, कारण १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली केल्या गेल्या व त्यांत वय, लिंग आणि वर्ण एवढेच नोंदले गेले. नावासह सर्व कृष्णवर्णीयांची मोजणी झाली ती १८७० मध्ये. हेमिंग्ज कुटुंबाच्या बाबतीत जेफरसन यांची स्वतःची शेतवही उपलब्ध आहे आणि तीत मुलांच्या जन्माच्या नोंदीही आहेत, मात्र पित्याचे नाव नाही.

येथे वाय गुणसूत्राचा, म्हणजे पेशीतील डीएनएच्या फक्त पुरुषांत आढळणाऱ्या एका लांब धाग्याचा, उपयोग होतो. आपली इतर गुणसूत्रे पुढच्या पिढीत जाण्यापूर्वी आपापल्या जोडीदाराशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात, त्यामुळे सहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा सरासरी दीड टक्का वाटाच आपल्यात उरतो. वाय गुणसूत्राचा बहुतांश भाग मात्र या देवाणघेवाणीत भाग घेत नाही. तो पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. एकाच पोथीच्या नकलांवर नकला होत जाव्यात, आणि एखाद्या लेखनिकाच्या हातून झालेली चूक पुढच्या सर्व नकलांत टिकून राहावी, तसे हे आहे.

जेफरसन यांचा विवाहसंबंधातून झालेला एकही मुलगा मोठा होईपर्यंत जगला नाही, त्यामुळे त्यांच्या वाय गुणसूत्राचा थेट वारसदार उपलब्ध नव्हता. म्हणून निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ यूजीन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेफरसन यांचे काका फील्ड यांच्या दोन मुलांच्या वंशातील पाच पुरुषांचे रक्त तपासले. दोन वेगळ्या शाखा घेण्यामागे विचार होता: दोन्हींचे गुणसूत्र जुळले तर ते फील्ड यांचेच असले पाहिजे, आणि फील्ड यांचे तेच त्यांच्या भावाचे, म्हणजे थॉमस यांच्या वडिलांचे. गुणसूत्रावरील एकूण १९ जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी ७ जागी एखाद्याच ठिकाणचा, अत्यंत क्वचित घडणारा बदल पाहायचा होता. ११ जागी डीएनएच्या रासायनिक अक्षरांचा एक छोटा गट किती वेळा पुन्हा पुन्हा येतो हे मोजायचे होते. उरलेली एक जागा अशाच पण लांबलचक पुनरावृत्तीची होती.

पाचांपैकी चौघांचे आकडे तंतोतंत सारखे आले. पाचव्याचा एका जागी केवळ एकाने वेगळा आला, आणि मला या संपूर्ण संशोधनातील हाच तपशील सर्वाधिक मोलाचा वाटतो. अशा एका जागेवर बदल होण्याचे प्रमाण पिढीमागे हजारात दोन धरले, तर ११ जागा मिळून ते हजारात २२ होते, आणि सात पिढ्यांत कुठेतरी एक बदल होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के येते. पाच जणांत एखाद्याकडे तो सापडावा हे अपेक्षितच आहे. म्हणजे ही विसंगती नात्याला छेद देत नाही. मधे गेलेल्या पिढ्यांचीच ती खूण आहे.

एस्टन यांच्या पुरुषवंशातील एका व्यक्तीचे गुणसूत्र या जेफरसन साच्याशी जुळले, आणि तो साचा युरोपात अतिशय दुर्मीळ आहे. जेफरसन यांच्या नातवंडांनी ज्यांच्याकडे बोट दाखवले होते, त्या पीटर आणि सॅम्युएल कार या भाच्यांच्या घराण्याचे गुणसूत्र मात्र जुळले नाही. भाचा आपल्या वडिलांचे गुणसूत्र घेऊन येतो, मामाचे नव्हे; म्हणूनच ही तुलना शक्य झाली.

आपल्याकडे ‘वाय गुणसूत्राने गोत्र सिद्ध होते’ असे संदेश फिरतात, त्यांना या प्रकरणात स्पष्ट उत्तर आहे. सहा पिढ्यांपूर्वी प्रत्येकाचे ६४ पूर्वज असतात आणि वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाचीच खबर देते. शिवाय दत्तक पुत्राला गोत्र मिळते, गुणसूत्र मिळत नाही. पुराणातील ऋषीपर्यंत पोहोचणारी कोणतीही चाचणी अस्तित्वात नाही.

हे संशोधन नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले तेव्हा त्याच्या मथळ्यात जेफरसन यांचे पितृत्व थेट जाहीर केले होते. तो मथळा दिशाभूल करणारा असल्याचे संशोधकांनीच पुढे लिहिले. थॉमस यांचा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे यांचेही वाय गुणसूत्र तेच होते, त्यामुळे घराण्यातील पुरुष कोणता हे रक्त सांगू शकत नव्हते. ते सांगण्यासाठी पुन्हा कागदांकडे जावे लागले. शेतवहीतील जन्मतारखांपासून नऊ महिने मागे मोजले असता, प्रत्येक वेळी, एरवी दीर्घकाळ बाहेरगावी असणारे जेफरसन मॉन्टिसेलोत असल्याचे आढळते. मॉन्टिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानने २००० मध्ये हे सर्व पुरावे एकत्र तोलून, एस्टन यांचे पिता थॉमस जेफरसन असण्याची शक्यता मोठी असल्याचा निर्वाळा दिला. २००१ मध्ये काही अभ्यासकांच्या गटाने रँडॉल्फ यांच्याकडे लक्ष वेधून त्याला विरोध केला. मला प्रतिष्ठानचा निष्कर्ष अधिक सबळ वाटतो, कारण रँडॉल्फ यांचे नाव ठळकपणे पुढे आले ते कार बंधूंचे गुणसूत्र जुळत नाही हे कळल्यानंतर.