सैनिकी वेषांतर (ग्वाल्हेरच्या संदर्भात)

सैनिकी वेषांतर म्हणजे ज्या फौजेचे आपण नाही, तिचा पोशाख चढवून तिच्यातच वावरणे. हेरगिरी, छापा, पलायन, फसवणूक किंवा नुसते पोट भरणे, अशी त्याची कारणे. बाहेरचा माणूस सैनिकांत खपून जाईल का, याला एका शब्दात उत्तर नाही. रात्री, मोठ्या तळावर, पळापळीत तो खपतो. जिथे शंभर माणसे एका हवालदाराच्या नजरेखाली रोज जेवतात, तिथे पहिल्याच हजेरीला त्याचे बिंग फुटते. कापड दुरून फसवते. जवळ आले की लोक कपडे पाहत नाहीत, ‘हा कोणाचा?’ असे विचारतात.

या विषयाला ग्वाल्हेर फार सोयीचे, कारण तिथले निम्मे शहर म्हणजे न उठलेला तळ. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिथेच राहिली; तिचे ‘लष्कर’ झाले. इथला मराठी माणूस ‘आम्ही लष्करात राहतो’ म्हणाला, तर महाराष्ट्रातल्या पाहुण्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. कंपू आणि शिंदे की छावनी ही तर आज साधी वस्तीची नावे आहेत.

गणवेश नव्हता तेव्हा वेषांतर सोपे होते, कारण बदलायला वेषच नव्हता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्यात शायिस्ताखानाच्या तळात शिरले. पहारेकऱ्यांनी हटकल्यावर ‘आम्ही बादशाही फौजेतलेच दखनी शिपाई, नेमल्या जागी चाललो आहोत’ असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. उत्तर पटण्याजोगे होते. मोगली फौजेत खरेच मराठे होते, त्यांची पागोटी तशीच आणि बोलीही तीच. थोरली फौज स्वतःच्या माणसांना ओळखत नाही, हे महाराजांनी हेरले होते.

सरकारला मात्र वेगळ्याच उपऱ्याची धास्ती असे. गणतीच्या दिवशी सरदार भाड्याची माणसे आणि उसनी घोडी उभी करत आणि पगार उचलत. त्यावर उपाय म्हणून अल्लाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा ‘हुलिया’ लिहून ठेवण्याची पद्धत आणली. पुढे मोगलांनी ती चालवली. रंग, उंची, जखमेचा व्रण, देवीचे वण, सगळे कागदावर. आपल्या मराठीतला ‘चेहरेपट्टी’ हा शब्द याच कारकुनीतला. आज तो आपण नाकाडोळ्यांच्या ठेवणीसाठी वापरतो, पण मुळात तो तोतया पकडण्याचा कागद.

महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉइन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याकडून कवायती कंपू, म्हणजे पलटणींचे गट, उभे केले. आता पलटणी एकसारख्या दिसू लागल्या. एकसारखे दिसणे ही शिस्त खरी, पण परक्याला तिचा आयता आडोसाही मिळाला.

परके माणूस फौजेत खपून जाण्याचे सर्वांत बोलके उदाहरण शिंद्यांच्याच छावणीत सापडते, ग्वाल्हेरला तळ स्थिरावण्याच्या जरा आधीचे. इंग्रज रेसिडेंटच्या बंदोबस्तावरचा अधिकारी टॉमस ब्राउटन याने १८०९ मधल्या पत्रांत जोरावरसिंग नावाच्या शिपायाची हकीकत लिहिली आहे. हा शिपाई म्हणजे एक तरुण मुलगी होती. भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत पडलेला. त्याला सोडवायला पैसा हवा, म्हणून ती शिपाई होऊन शिंद्यांच्या चाकरीत राहिली. स्वयंपाक, जेवण, अंघोळ सगळे ती एकटीने उरके. कोणाला संशय आला नाही, आणि का आला नाही हेच इथे पाहण्यासारखे. त्या काळच्या हिंदुस्थानी फौजेत सोवळ्याओवळ्यापायी कित्येक शिपाई आपापली चूल मांडत. वेगळे बसून खाणारा माणूस तिथे विचित्र ठरत नसे, उलट कडक आचाराचा ठरे. युरोपातल्या एका पंगतीत जेवणाऱ्या पलटणीत हेच वागणे चार दिवसांत डोळ्यांवर आले असते. तिला सदऱ्यापेक्षा जातीच्या चालीने जास्त झाकले, असे म्हटले पाहिजे. भेद फुटल्यावर तिला शिक्षा झाली नाही, कौतुकच झाले.

पुढचा प्रसंग अवघ्या मराठी मुलखाला ठाऊक आहे, पण या अंगाने क्वचित पाहिला जातो. मे १८५८ मध्ये तात्या टोपे गुपचूप ग्वाल्हेरात येऊन शिंद्यांच्या फौजेची मने फिरवून गेले. १ जूनला मोरारजवळ जयाजीराव शिंदे लढायला बाहेर पडले, तेव्हा त्यांची बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराजांना आग्रा गाठावे लागले. तात्यांना इथे फारसे सोंग आणावे लागले नसावे. ग्वाल्हेर कंटिंजंटचे, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेचे, शिपाई नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपूरला त्यांच्याच हाताखाली लढले होते. ओळखपाळख हाच त्यांचा परवाना.

त्याच जूनच्या १७ तारखेला ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सराय इथे इंग्रजांच्या आठव्या हुसार (घोडदळ) पलटणीने हल्ला केला, त्यात राणी लक्ष्मीबाई पडल्या. (काही नोंदींत तारीख १८ आहे.) अंगावर घोडेस्वाराचा पोशाख होता. ज्याने वार केला त्या गोऱ्या शिपायाला आपण कोणाला मारले हे कळले नाही. ज्या बाईच्या मागावर इंग्रजांचे अख्खे सैन्य होते, ती त्यांच्या हाताच्या अंतरावर एक स्वार म्हणून गेली. समाधी ग्वाल्हेरच्या फुलबागेत आहे.

परदेशातले एक उदाहरण टाळता येत नाही. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी बर्लिनजवळच्या कोपेनिक गावात विल्हेल्म फोग्ट या चांभाराने जुना कप्तानाचा गणवेश चढवला, रस्त्यातले शिपाई हुकूम देऊन बरोबर घेतले, महापौराला अटक केली आणि तिजोरीतले सुमारे चार हजार मार्क घेऊन निघून गेला. शिपायांत तो शिपाई म्हणून शिरला असता तर पकडला गेला असता. वरिष्ठाला ‘तू कोण’ असे विचारायचे नसते, एवढ्यावर त्याचे काम झाले.

उलटेही घडते. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी अमेरिकी गणवेशातली माणसे अमेरिकी फळीमागे घुसवली, तेव्हा नाक्यांवर बेसबॉल आणि राज्यांच्या राजधान्या विचारू लागले. जनरल ब्रॅडली यांनी इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड अशी बरोबर सांगितली. पहारेकऱ्याच्या मते ती शिकागो होती, आणि जनरलसाहेब अडकले. आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पहारेकऱ्याचे ‘हुकुमदार!’ हे ‘हू कम्स देअर’चेच देशी रूप, त्याला परवलीचा शब्द सांगावा लागे.

शत्रूच्या गणवेशाचा गैरवापर १९०७ च्या हेग नियमांनी निषिद्ध ठरवला. भारतात फसवणुकीच्या हेतूने सैनिकी पोशाख घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यातले हल्लेखोर लष्करी धाटणीच्या कपड्यांत होते. त्यानंतर लष्कराने लोकांना असे कपडे न वापरण्याचे आवाहन केले. २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आला, त्याच्या नक्षीची नोंदणी करून घेतली गेली.

कापड मिळाले तरी बाकी गोष्टी शिवून मिळत नाहीत. खांद्यावरचे पलटणीचे नाव आणि दोरीचा रंग जुळला पाहिजे, सलाम कोणाला आधी ठोकायचा ते हाताला ठाऊक पाहिजे, संध्याकाळच्या ‘गिनती’ला, म्हणजे हजेरीला, आपण घेतलेल्या नावापुढे ‘हाजिर’ म्हणणारा दुसरा कोणी नको. बेरेट टोपीचेच बघा. दुकानातून आणलेली बेरेट डोक्यावर पावासारखी फुगून बसते. जुना जवान ती ओली करून डोक्यावर दाबतो आणि तशीच वाळू देतो, मग ती एका कानावर सपाट उतरते. फाटकावरच्या सुभेदाराची नजर ओळखपत्राआधी तिथे जाते.