मरणोत्तर: सोबत्यांना वाचवताना गेलेले सैनिक आणि पदकांचे नियम

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक २९ जानेवारी १८५६ रोजी सुरू झालं, तेव्हा ते मेलेल्या सैनिकाला मिळत नसे. आज हे ऐकायलाही विचित्र वाटतं. आपल्याकडे परमवीर चक्र म्हटलं की पाठोपाठ ‘मरणोत्तर’ हा शब्द येतोच, आणि आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. पण त्या काळच्या समजुतीत पदक ही जिवंत माणसाच्या छातीवर लावायची गोष्ट होती. सैनिक कामी आला तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात फार तर एवढं छापून येई, की तो जगला असता तर त्याच्या नावाची शिफारस झाली असती. सोबत्याला उचलून आणलं आणि स्वतःही जगला तर पदक. त्याच कामात गेला तर एक ओळ.

हा नियम मोडायला जवळपास अर्धं शतक लागलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर, १९०२ मध्ये, काही मृत सैनिकांच्या घरी पदकं पाठवायला राजाने मान्यता दिली. मग जुन्या प्रकरणांचं काय, असा प्रश्न साहजिकच आला आणि १९०७ मध्ये अशी सहा नावं उकरून काढण्यात आली. त्यांत मेलव्हिल आणि कॉगहिल हे दोन अधिकारी होते, १८७९ मध्ये झुलूंविरुद्ध इसांडलवानाला झालेल्या पराभवानंतर पलटणीचं निशाण वाचवायला निघालेले आणि वाटेत मारले गेलेले. त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्याच यादीतलं फ्रँक बॅक्स्टर हे नाव जास्त महत्त्वाचं वाटतं. १८९६ च्या एप्रिलमध्ये (आजच्या झिम्बाब्वेतल्या) बुलावायोजवळच्या चकमकीत एक जखमी सोबती मागे पडला होता आणि शत्रू पाठीवर होता. बॅक्स्टर घोड्यावरून उतरले, घोडा त्याला दिला आणि स्वतः पायी राहिले. पायी राहिलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. पदक मिळालं ११ वर्षांनी.

हे सगळं अर्थात गोऱ्यांपुरतं. हिंदी शिपायांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ सुरू केलं होतं. व्हिक्टोरिया क्रॉसचं दार त्यांना उघडलं ते १९११ च्या दिल्ली दरबारात, आणि तीनच वर्षांत महायुद्ध पेटलं. फ्रान्समध्ये पूना हॉर्स या हिंदी घोडदळाचे ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट फ्रँक डी पास उघड्यावर पडलेल्या जखमी शिपायाला गोळीबारातून घेऊन आले. नंतर शत्रूच्या खंदकावरच्या दुसऱ्या प्रयत्नात ते मारले गेले. जमादार मीर दस्त यांनी एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर, आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी पोचवलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण १९१६ मध्ये लष्करी नेतृत्वाने हात आखडता घेतला. जखमींना आणणं हे ज्यांचं कामच आहे ते सोडून इतरांनी केवळ जखमी आणले म्हणून व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस करू नये, असं ठरलं. कारण कोरडं, पण खोटं म्हणता येणार नाही असं होतं. हल्ला चालू असताना धडधाकट माणसं जखमींना उचलून मागे जाऊ लागली तर आघाडीवरच्या बंदुका कमी होतात, आणि हल्ला फसला तर आणखी माणसं मरतात. सेनापतीचा हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट कायमची बसली: सोबत्याला वाचवलं हे पुरेसं नाही, त्याबरोबर शत्रूची चौकीही पडायला हवी.

त्याच वर्षीच्या १ जुलैला, फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, थिएपव्हाल वुडमधल्या खंदकात बॉम्बची पेटी घसरून पडली आणि दोन बॉम्बच्या पिना निघाल्या. खंदक माणसांनी भरलेला. बिली मॅकफॅड्झिन या वीस वर्षांच्या पोराने स्वतःला त्यांच्यावर झोकून दिलं. तो गेला, जखमी आणखी एकच झाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या घटनेत शत्रूने काहीच केलं नव्हतं हे तेव्हा आड आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात आलं असतं. १९४० मध्ये जॉर्ज क्रॉस सुरू झाला होता. मान व्हिक्टोरिया क्रॉसच्या बरोबरीचा, पण शत्रू प्रत्यक्ष समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत मिन्यानोजवळ मद्रास सॅपर्स या अभियंता पलटणीचे सुभेदार सुब्रमण्यन सुरुंग काढणाऱ्या तुकडीच्या पुढे होते. मागून येणाऱ्या एका लान्स नायकाचा पाय सुरुंगावर पडला. सुरुंग असा, की पाय पडल्यावर तो फुटायला काही क्षण जातात. जमिनीवर आडवं व्हायचं की पळायचं, एवढाच विचार करण्यापुरते. सुब्रमण्यन मागे वळले आणि सुरुंगावर पालथे पडले. सोबत्यांचा जीव वाचला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. सुरुंग शत्रूनेच पेरलेला, मुलूख युद्धाचा. तरी कागदावर ते ‘शत्रूसमोर’ नव्हतं.

त्याच इटलीत, त्याच वर्षी १० जुलैला, माणगाव तालुक्यातले नायक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका सेक्शनचं नेतृत्व करत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. बरोबर यायला कुणी उरलेलं नाही हे माहीत असूनही ते त्या मशीनगनवर एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या चौकीतच ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या मोंटोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव वाचले, पण त्यांची हकीगत इथे टाळता येत नाही. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी छातीपर्यंत, पण दोन्ही बाजूंचे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि आतून जर्मन मोर्च्यांनी पोखरलेले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पलीकडे पोचताच मागच्या बांधातून गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी, बाकीचे ठार. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेतलं, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधावर चढवलं, आणि दुसऱ्यासाठी परत गेले. इथे थांबले असते तरी कुणी बोल लावला नसता. ते तिसऱ्यांदा गेले, तीन मोर्चे बंद पाडले, मग बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत बाकीच्यांना बोलावलं. त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस नुसत्या पहिल्या दोन खेपांवर मिळाला असता का? १९१६ चा संकेत पाहता मला शंका वाटते.

स्वातंत्र्यानंतर पदकं आपली झाली, विभागणी तशीच राहिली. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी जाहीर झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानलं गेलं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने युरोपीय, विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या या बाईंनी पदकावर इंद्राची चार वज्रं घेतली. वज्र ज्यांच्या अस्थींचं, ते दधीची ऋषी. दुसऱ्यांसाठी देह देण्याची याहून जुनी गोष्ट आपल्याकडे सांगता येणार नाही.

शत्रू समोर नसेल तिथे अशोक चक्र. ते १९५२ मध्ये तीन वर्गांत सुरू झालं आणि आजची अशोक, कीर्ती व शौर्य चक्र ही नावं १९६७ ची. दहशतवाद्यांशी झालेली लढाई याच खात्यात येते. मार्च २००९ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात जखमी सोबत्यांना ओढून आडोशाला नेणारे मेजर मोहित शर्मा आणि २६/११ च्या हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये जखमी कमांडोला बाहेर काढायची सोय करून एकटे पुढे गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन, दोघेही अशोक चक्राचे मानकरी.

या विभागणीचा एक फायदा मात्र झाला. अशोक चक्राला गणवेशाची अट नाही, सामान्य नागरिकालाही ते मिळू शकतं. त्यामुळे लष्करातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आलेले, साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे २६ जानेवारी २००९ च्या त्याच यादीत उन्नीकृष्णन यांच्यासोबत आले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात लाठी असलेल्या ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, आणि तेवढ्या वेळात मागच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत धरलं.