मांस व फळे : पोषणमूल्यांची तुलना

मांस म्हणजे प्राण्याचे स्नायू, चरबी आणि यकृतासारखे अवयव. फळ म्हणजे झाडाने बियांभोवती साठवलेला गर. स्नायू हालचालीसाठी घडलेला असतो, म्हणून तो प्रथिनांनी भरलेला असतो. गर पक्ष्या-प्राण्यांनी खावा आणि बिया दूर न्याव्यात यासाठी पिकतो, म्हणून तो गोड आणि रसाळ असतो. दोन्हींच्या पोषणातला फरक बहुतांशी इथूनच सुरू होतो.

बोकडाच्या चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने, २ ते ३ ग्रॅम चरबी आणि ११० किलोकॅलरी ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या सोललेल्या केळ्यात ऊर्जा जवळपास ९० किलोकॅलरी, म्हणजे फार कमी नाही. पण प्रथिने जेमतेम १ ग्रॅम आणि कर्बोदके सुमारे २३ ग्रॅम. मांसात कर्बोदके जवळजवळ नसतातच. जिवंत स्नायूत ग्लायकोजेनच्या रूपात थोडी साखर असते, पण जनावर कापल्यावर काही तासांत तिचे लॅक्टिक आम्ल होते. चोथा, म्हणजे तंतू, मांसात अजिबात नसतो. पेरूत मात्र १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या आसपास असतो. कोलेस्टेरॉल हे प्राणिज अन्नातच आढळते. फळांत स्निग्ध पदार्थ नगण्य, अपवाद ॲव्होकॅडो आणि नारळाचा.

साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती फक्त मांसातून घ्यायची तर पाव किलो पुरे. अर्थात हे बिनहाडाच्या मांसाचे वजन झाले. दुकानातून आणलेल्या पाव किलो मटणात नळी आणि बरगडी असतेच. केळ्यांतून तेवढी प्रथिने घ्यायची तर साडेचार किलो केळी खावी लागतील आणि त्यांबरोबर चार हजार किलोकॅलरी पोटात जातील. शिवाय शरीराला स्वतः बनवता न येणारी नऊही ॲमिनो आम्ले मांसात योग्य प्रमाणात असतात. त्यामुळे प्रथिनांच्या बाबतीत फळ मांसाची जागा घेऊ शकत नाही. शाकाहारी ताटात ती जागा डाळ, उसळ, दूध आणि शेंगदाणे घेतात, हे लक्षात ठेवलेले बरे. मांस सोडले म्हणून फळे वाढवली, एवढ्याने भरपाई होत नाही.

क जीवनसत्त्वाकडे वळले की चित्र उलटते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे प्रौढाच्या दिवसभराच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. शिजवलेल्या मटणात ते जवळपास शून्य. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्यांतून रक्त येणारा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. तरीही ‘मांसातून क जीवनसत्त्व मिळतच नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. आर्क्टिकमधले इन्युइट लोक सीलचे कच्चे यकृत आणि व्हेलची कातडी खाऊन स्कर्व्हीपासून वाचत आले. मांस किती शिजवले आणि प्राण्याचा कोणता भाग खाल्ला, यावर बरेच अवलंबून असते.

ब१२ जीवनसत्त्व कोणत्याही फळात नैसर्गिकरीत्या उपयोगी पडेल इतके नसते. ते सूक्ष्मजीव तयार करतात. शेळीच्या पोटात चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते बनते आणि तिच्या यकृतात व स्नायूंत साठते. यकृत खाऊ घालून रक्तक्षयावर, विशेषतः पर्निशस ॲनिमिया या त्याच्या जीवघेण्या प्रकारावर, उपचार करता येतो हे दाखवणाऱ्या व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना १९३४ चे नोबेल मिळाले. पर्निशस ॲनिमियावर गुणकारी ठरणारे यकृतातले द्रव्य म्हणजे ब१२, हे १९४८ मध्ये ते वेगळे काढल्यावर स्पष्ट झाले. अ जीवनसत्त्व कलेजीत थेट तयार रूपात आणि भरपूर असते. आंबा-पपईत कॅरोटीन असते, त्यातून शरीर गरजेपुरते अ जीवनसत्त्व बनवते. तयार अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो, म्हणून गरोदरपणी कलेजी बेताने खायला सांगतात, आंब्याला तसे बंधन नसते.

धोक्यांचे मोजमापही वेगवेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. फळांच्या बाबतीत सावधगिरी लागते ती रसाची: गाळलेल्या रसात चोथा राहत नाही, साखर मात्र सगळी राहते.

या तुलनेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा लोहाचा आहे. डाळिंब लाल म्हणून रक्त वाढवते, ही समजूत घरोघरी आहे. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा; डाळिंबात १०० ग्रॅममागे लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर बोकडाच्या मांसात ३ मिलिग्रॅमच्या जवळ आणि कलेजीत त्याहून बरेच अधिक. मांसातल्या लोहाचा मोठा भाग हीम स्वरूपाचा, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा, असल्याने तो आतड्यात सहज शोषला जातो. भाकरी, पालेभाजी, फळे यांतले लोह हट्टी असते, बरेचसे तसेच बाहेर पडते. ताटात मांस असेल तर त्याच्या जोडीने भाकरी-भाजीतले लोहही जास्त शोषले जाते.

रक्तक्षयाला दुसरीही बाजू आहे आणि तिचा शोध मुंबईत लागला. १९२८ च्या अखेरीस इंग्रज डॉक्टर लुसी विल्स परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायांच्या जिवावर बेतणारा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये मांडले. त्यातले द्रव्य पुढे फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. ते कलेजीत असते, पालेभाजीत असते आणि संत्र्यातही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मांसाहारी घरांतही हे घडते. रविवारी मटण शिजते, पुरुष आणि मुले आधी जेवतात, आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला बऱ्याचदा रस्सा येतो, फोडी येत नाहीत. रश्श्यात काही ब जीवनसत्त्वे आणि हाडातले जिलेटिन उतरते. लोह आणि प्रथिने बहुतांशी फोडीतच राहतात. घरात मांस शिजले म्हणजे सगळ्यांना मिळाले, असे गृहीत धरणारी कोणतीही आकडेमोड या ताटापर्यंत पोहोचत नाही.

इथे फळ खरोखर कामाला येते. क जीवनसत्त्व भाकरी-भाजीतल्या लोहाचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करते, पण त्यासाठी दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात. वरणावर पिळलेले लिंबू, मेथीच्या भाजीबरोबर चिरलेला पेरू किंवा जेवता जेवता खाल्लेली आवळ्याची फोड उपयोगी पडते; दोन तासांनी खाल्लेले संत्रे या कामी फारसे येत नाही. लिंबू उतरवल्यावर पिळावे, उकळत्या वरणात टाकल्यास त्यातले जीवनसत्त्व घटते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र हेच लोह अडवून धरतो, म्हणून तो तासाभराने घ्यावा.