घरून काम : परवानगीपासून परत बोलावण्यापर्यंत

१३ मार्च २०२०. पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडून चारच दिवस झाले होते, टाळेबंदी हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता. त्या दिवशी दिल्लीत दूरसंचार विभागाने एक आदेश काढला. कॉल सेंटर, बीपीओ आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना ३० एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घेण्याची सवलत मिळाली. तोवर या कंपन्यांना एखाद्या माणसाला घरी बसवून काम द्यायचं, तर सरकारशी करार करावा लागे, अनामत रक्कम ठेवावी लागे, आणि घर ते कंपनी ही जोडणी परवानाधारक दूरसंचार कंपनीच्या खासगी जाळ्यातूनच घ्यावी लागे. सवलतीची मुदत पुढे जुलैपर्यंत वाढली, मग डिसेंबरपर्यंत. ५ नोव्हेंबर २०२० ला करार, अनामत, नोंदणी ही सगळी पद्धतच मोडीत निघाली.

'ऑफिसला यायचं की घरूनच करायचं' हा वाद आज मॅनेजर आणि टीम यांच्यातला वाटतो. या खेळात तिसरा गडी पहिल्यापासून आहे, तो म्हणजे कर आणि परवान्यांचे नियम. आयटीतलं काम एका ठरावीक इमारतीतच झालं पाहिजे, असं कामाच्या स्वरूपामुळे जितकं ठरलं त्याहून जास्त ते सवलतींच्या अटींमुळे ठरलं. हे लक्षात घेतलं नाही तर गेल्या पाच-सहा वर्षांतल्या निम्म्या घडामोडींचा अर्थ लागत नाही.

घरात बसून मजुरी करणं महाराष्ट्राला नवं नव्हतंच. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका कारखान्यातून पानं-तंबाखू घरी नेतात आणि वळलेल्या विड्या मोजून परत देतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने अशा घरी काम करणारीलाही कामगार मानलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं 'लिज्जत'ही याच रीतीने वाढलं : सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले आणून द्यायचे. घरी काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली केलेला करार मात्र भारताने आजवर मान्य केलेला नाही. 'वर्क फ्रॉम होम'च्या आपल्या चर्चेत या बायका कुठेच नसतात. लॅपटॉप नाही, म्हणून बहुधा.

लॅपटॉपवाल्यांची वंशावळ वेगळी. ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली अशी कंपनी काढली की तिच्या प्रोग्रामर जवळपास सगळ्या बायका होत्या आणि घरी मुलं सांभाळत कागदावर प्रोग्राम लिहीत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं सॉफ्टवेअर अशाच घरांतून तयार झालं. अमेरिकेत १९७३ साली, तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, जॅक निलस या अभियंत्याने एक हिशेब मांडला : माणसं कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसांकडे नेलं तर किती पेट्रोल वाचेल? आयबीएमने १९७९ साली पाच कर्मचाऱ्यांच्या घरी टर्मिनल बसवून पाहिले, पुढे आपले हजारो लोक घरी पाठवले आणि २०१७ साली त्यातल्या बऱ्याच जणांना परत बोलावलं. याहूने तर २०१३ सालीच सगळ्यांना ऑफिसात या म्हणून सांगितलं होतं. थोडक्यात, पाठवणं आणि परत बोलावणं हे चक्र साथीच्या आधीही एक-दोनदा फिरून झालं होतं.

आपल्याकडे गाडी दुसऱ्याच रुळावरून निघाली. १९७३ साली अंधेरीत सीप्झ उभं राहिलं. निर्यातीसाठीचा हा भाग कुंपणाच्या आत होता आणि गेटवर कस्टम. संगणक परदेशातून यायचा, त्यावर जबर आयात शुल्क, म्हणून निर्यातीच्या बोलीवर शुल्कमाफी आणि माफीच्या बदल्यात कुंपण. गंमत अशी की ज्या कंपनीचं नाव आज अवाढव्य कॅम्पसशी जोडलं जातं ती इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली तेव्हा तिचं ऑफिस म्हणजे नारायण मूर्तींच्या घरातली पुढची खोली होती. दोन वर्षांत ती बंगळूरला गेली. पुण्यात हळहळ अजून संपलेली नाही.

१९९१ साली केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना एका संस्थेच्या छत्राखाली आणली. पहिल्या केंद्रांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणंही होतं. तेव्हा अमेरिकेशी डेटाची देवाणघेवाण करायची तर उपग्रहाची तबकडी लागे आणि ६४ केबीपीएसची लाइन ही चैन होती. अशी लाइन प्रत्येकाच्या घरी देण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा माणसांनीच लाइनकडे जायचं हे ओघानेच आलं. त्या काळात ऑफिस ही तांत्रिक गरजच होती. निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकर माफ, संगणकाला आयात शुल्क माफ, आणि त्यापोटी जागा 'बॉन्डेड', म्हणजे आतला संगणक बाहेर न्यायचा तर परवानगी आणि नोंद.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरोघरी ब्रॉडबँड आलं, तबकड्या गंजल्या, तांत्रिक गरज संपत आली. अटी मात्र तशाच राहिल्या. एमआयडीसीने मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण भागात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं होतं, पहिल्या टप्प्यामागून दुसरा, तिसरा असं ते पसरत गेलं. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा आला आणि तिथेही प्राप्तिकराची माफी होती. जुन्या पार्कांची प्राप्तिकराची माफी ३१ मार्च २०११ ला संपणार हे ठरल्यावर कंपन्यांनी नवी कामं सेझमधल्या इमारतींत हलवली. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात काचेचे मनोरे का उगवले याचं उत्तर आर्किटेक्टपेक्षा चार्टर्ड अकाउंटंट नीट देईल.

लाखभराहून जास्त माणसं ज्या दोन-तीन रस्त्यांनी रोज हिंजवडीत शिरणार होती ते रस्ते मात्र गावचेच राहिले. वाकडचा पूल, भूमकर चौक, शिवाजी चौक ही नावं सकाळी नऊ वाजता उच्चारली तरी पुणेकर आयटीवाल्याचा रक्तदाब वाढतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि साथ आली तेव्हा ती कागदावरून जेमतेम जमिनीवर येत होती. याला एक उतारा पुण्यातच शोधला गेला होता. हडपसरच्या मगर मंडळींनी आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली : घरापासून चालत जाता येईल असं ऑफिस. कल्पना उत्तम. फक्त नोकऱ्या तीन वर्षांनी बदलतात आणि गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, त्यामुळे मगरपट्ट्यात राहून हिंजवडीला जाणारे आणि हिंजवडीत राहून मगरपट्ट्याला येणारे एकमेकांना रोज वाटेत भेटत राहिले.

आणखी एक गोष्ट साथीआधीची, जिची दखल कुणी घेतली नाही. अमेरिकेतला क्लायंट सकाळी कामावर येतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उतरून रात्र होत असते. म्हणून कॉल रात्री साडेआठला, नऊला, कधी साडेदहाला. सहाच्या बसने घरी यायचं, जेवून पुन्हा हेडफोन चढवायचा, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी क्लायंटला ऐकू जाऊ नये म्हणून म्यूटचं बटण दाबून धरायचं. हे घरून कामच होतं. दिवसाच्या नऊ तासांच्या वर होतं, त्यामुळे ते कुठल्याच धोरणात बसत नव्हतं आणि कुणी त्याला सुरक्षेचा धोकाही म्हणत नव्हतं.

मार्च २०२० च्या शेवटच्या पंधरवड्यात हे सगळं उलटंपालटं झालं. लॅपटॉप सगळ्यांकडे नव्हते, बऱ्याच प्रोजेक्टवर डेस्कटॉपच होते. टेम्पोत, कॅबच्या डिकीत, स्कूटरच्या पायापाशी सीपीयू ठेवून ते घरी गेले. बाहेर नेण्यासाठी कालपर्यंत तीन सह्या लागणारं यंत्र चादरीत गुंडाळून निघालं. भाड्याची खोली सोडून माणसं सांगली, लातूर, चिपळूणला पोहोचली. कोकणात गेलेल्यांची परीक्षा लवकरच झाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, विजेचे खांब आडवे झाले, आणि श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात कितीतरी दिवस ना दिवा ना रेंज. टेकडीवर जाऊन मोबाइल वर धरणाऱ्या त्या मंडळींनी क्लायंटला काय कारण सांगितलं असेल? कोकणातलं वादळ टेक्सासमधल्या माणसाला समजावून सांगणं सोपं नाही.

काम मात्र थांबलं नाही, आणि याचं आश्चर्य कंपन्यांनाच जास्त वाटलं. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असणं पुरेसं ठरेल. पाच वर्षांनी हे वाक्य कुणी फारसं आठवत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सुरू केलं. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून तीन दिवस सक्तीचे केले, इन्फोसिसमध्ये महिन्याला दहा दिवसांचा नियम आला. परदेशात ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस बोलावलं.

मधल्या तीन वर्षांत कार्यक्षमतेपेक्षा बदलला तो बाजार. २०२१-२२ मध्ये जगभर डिजिटल कामांचा पूर आला होता आणि माणसं मिळत नव्हती. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचं नोकरी सोडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं. अशा वेळी 'परत या' म्हणण्याची हिंमत कोण करणार? माणूस दुसरी ऑफर खिशात घेऊनच बसलेला. त्यातून दुसऱ्या नोकरीचा, मूनलाइटिंगचा मुद्दा निघाला. विप्रोच्या रिशद प्रेमजींनी त्याला सरळ फसवणूक म्हटलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. मग मागणी ओसरली. २०२३-२४ या वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने घटली, शेअर बाजारात नोंदणी झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. परत बोलावण्याचे मेल याच सुमारास आले. 'संस्कृती', 'सहकार्य', 'नव्या मुलांचं शिक्षण' ही कारणं खोटी होती असं नाही, पण ती २०२२ मध्येही तितकीच खरी होती. तेव्हा ती ठासून सांगायची ताकद नव्हती, २०२३ मध्ये आली.

या काळात सेझचे नियम वेगळ्याच गतीने चालत होते. काम कुंपणाच्या आत व्हावं ही कायद्याची मूळ कल्पना, आणि आत तर कुणीच नव्हतं. तात्पुरत्या सवलतींवर दोन वर्षं काढल्यावर वाणिज्य मंत्रालयाने १४ जुलै २०२२ ला नियम ४३अ आणला : निम्म्या कर्मचाऱ्यांना, जास्तीत जास्त एक वर्ष, घरून काम. उद्योगाने आरडाओरडा केला, डिसेंबरमध्ये ती मर्यादा शंभर टक्के झाली. नव्या युनिटांना प्राप्तिकराची माफी मिळण्याची मुदतही मुळात ३१ मार्च २०२० लाच संपत होती आणि साथीमुळे ती थोडीफार लांबली. म्हणजे कुंपणाच्या आत नव्याने येण्याचं मोठं आमिष आणि रोज आत जाण्याची सवय, दोन्ही एकाच वर्षी सुटली. रिकामे मजले इतके साचले की डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने इमारतीतला एखादाच मजला सेझमधून वगळण्याची मुभा दिली. ते मजले साध्या भाडेकरूंना देता येऊ लागले.

नेमकं कुठून काम जास्त होतं, यावर बऱ्यापैकी भक्कम पुरावा चीनमधला आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी शांघायच्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरवर साथीच्या खूप आधी प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, त्यातला मोठा वाटा कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीचा. पण कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोगानंतर निवडीची मुभा मिळाली तेव्हा अनेकांनी एकटेपणाला कंटाळून ऑफिस पत्करलं. २०२४ साली त्याच कंपनीतल्या १,६१२ जणांवरचा दुसरा अभ्यास आला. आठवड्याला दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. दोन्ही बाजूंचे लोक या अभ्यासांतलं आपल्या सोयीचं तेवढं उचलतात.

बायकांच्या बाबतीत कायद्याने साथीआधीच एक फट उघडली होती. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करता येईल असंही म्हटलं. 'मालकाच्या संमतीने' या दोन शब्दांत ती फट बरीचशी बुजली. साथीत ही सोय आपोआप मिळाली, पण घरात सासू-सासरे, ऑनलाइन शाळा आणि स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, एकाच खोलीत आले. ऑफिस परत सुरू झाल्यावर बऱ्याच जणींची सुटका झाली आणि बऱ्याच जणींनी राजीनामे दिले. याच कंपन्यांत मला दोन्ही प्रकारच्या भेटल्या आहेत. एकीला बसमधला दीड तास म्हणजे दिवसातला एकमेव निवांत वेळ वाटतो.

ज्यांना निवडच नव्हती ते या वादात येत नाहीत. हिंजवडी-मारुंजीत कर्ज काढून पीजी बांधलेले शेतकरी, मेसवाल्या मावशी, हप्त्यावर गाडी घेतलेले कॅबचालक, हाउसकीपिंगची पोरं. २०२० मध्ये त्यांचा धंदा एका आठवड्यात बसला आणि परत बोलावण्याच्या प्रत्येक मेलने थोडा थोडा उभा राहिला. सध्या मंगळवार ते गुरुवार मेसमध्ये गर्दी असते आणि शुक्रवारी पोळ्या उरतात, म्हणून मावशी शुक्रवारी कणीकच कमी भिजवतात.